पत्र्याच्या खोलीतलं विमान

पहिल्यांदा माझ्या नवऱ्याने इलॅस्टिक नेलं. परकराच्या नेफ्यात घालतात ते, अर्ध्या इंचाचं, पांढरं. विचारून नेलं म्हणून मी दिलं. मग रिकामी रिळं नेली, ती न विचारता. मग प्रेसची बटणं नेली, मग मापाची टेप. टेप परत आली ती एका टोकाला जळलेली. मी ब्लाउज शिवते, मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून शिवते. जळक्या टेपने मी बायकांची मापं कशी घेऊ, असं विचारलं तर म्हणाला, पहिला इंच सोडून मोज.

लोकांसमोर मी त्याला अहो म्हणते, तोंडावरही अहोच म्हणते. इथे लिहिताना मात्र 'तो' असंच लिहिणार आहे.

आम्ही जळगावला एका कॉलनीत राहतो. खालची पुढची खोली माझ्या शिलाईची, मागे स्वयंपाकघर आणि झोपायची खोली. वर गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे. ती बांधली तेव्हा ठरलं होतं की मुलगी शिकून बाहेर पडली की तिथे मी शिवणाचा क्लास काढायचा. मुलगी पुण्याला नोकरीला लागली. जाताना तिचा जुना कॉम्प्युटर वरच्या खोलीत ठेवून गेली आणि कोणा गरजूला देऊन टाक, असं मला सांगून गेली. मी गरजू शोधायच्या आत त्याने त्यावर विमान सुरू केलं.

त्याला खेळ म्हटलं की राग यायचा. सिम्युलेटर म्हणायचं. वैमानिकाला पुढच्या काचेतून जसं दिसतं तसं पडद्यावर दिसतं, ढग, धावपट्टी, खाली शेतं. जगातल्या कुठल्याही विमानतळावरून उडता येतं. आमच्या गावाबाहेरचा विमानतळही त्यात आहे, हे त्याने मला हाताला धरून वर नेऊन दाखवलं होतं. मी फैजपूरची, मला वरून केळीच्या बागा बघायच्या होत्या. तिथे नुसता हिरवा रंग फासलेला होता. मी तसं म्हटलं, तर त्याने लगेच पडदा बंद केला.

तो पाइपच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मोटरी, पॅनेल, वायरिंग सगळं त्याच्याकडे. हात चांगला आहे, हे मी कधीच नाकारलं नाही. खऱ्या विमानात तो आयुष्यात एकदाच बसला, कंपनीच्या कामासाठी, आणि तेही मधल्या सीटवर. त्याबद्दल तो कधी बोलत नाही. गावावरून शिकाऊ विमानं घिरट्या घालतात, तेव्हा मात्र हातातलं काम टाकून गच्चीवर जातो आणि यांना वळताच येत नाही, असं पुटपुटत खाली येतो.

सुरुवातीला तो कीबोर्डची बटणं दाबून विमान उडवायचा. पुढे त्याला त्याची लाज वाटायला लागली. खऱ्या विमानात कोणी बटणं दाबत नाही, हाताला ओढ लागली पाहिजे, असं तो मला भाकरी थापताना ऐकवायचा. मग एक दिवस पाइपचे तुकडे घेऊन आला आणि विमानाचं स्टिअरिंग बनवायला बसला. त्याला योक म्हणतात. पाइपला पाइप जोडून त्याने दोन शिंगांसारखं हँडल केलं. मागचा दांडा पुढेमागे सरकावा म्हणून टेबलाच्या खणाला असतात तसल्या सरकपट्ट्या बसवल्या. रेडिओचा आवाज कमीजास्त करायला जो फिरता भाग असतो, तसला एकेक भाग दांड्याच्या टोकाला लावला, म्हणजे हँडल किती फिरलं ते कॉम्प्युटरला कळतं. आणि हात सोडला की हँडल आपोआप मधे यावं म्हणून माझं इलॅस्टिक.

मी हे सगळं इतकं नीट सांगू शकते, कारण रोज संध्याकाळी ते मला ऐकावं लागायचं. माझा दिवस कसा गेला, हे त्याने त्या काळात एकदाही विचारलं नाही.

योक ज्या भोकातून बाहेर येतो त्याभोवती रेक्झिनची चुण्यांची पिशवी लागते, गाडीच्या गिअरला असते तशी. ती त्याने मला शिवायला सांगितली. हातात लग्नाचे ब्लाउज असताना मी ती शिवून दिली. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाला, शिवण जाड झाली आहे, दांडा अडकतो. मी म्हटलं, मग विमान कंपनीकडून शिवून आणा. त्यावर तो हसलाही नाही. पिशवी उसवून परत माझ्या मशीनवर ठेवून गेला, आणि मी ती केराच्या टोपलीत टाकली. त्याने कुठूनतरी काळा पायमोजा कापून लावला. तो चांगला बसला, म्हणून मला आणखी राग आला.

मग बटणांचं पॅनेल आलं. दुकानाच्या पाट्यांना वापरतात ती चपटी शीट आणून त्याने तिला भोकं पाडली आणि कारखान्यातल्या मोडीत निघालेल्या पॅनेलचे स्विच रीतसर मागून आणून त्यात बसवले. चाकं वर घ्यायचा दांडा, दिव्यांची बटणं, इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा थ्रॉटल. थ्रॉटलच्या मुठी म्हणजे माझी रिळं, रंग दिलेली. पॅनेलच्या मागे केसांसारख्या बारीक तारांचा गुंता, प्रत्येक तारेला रंगीत नळी, आणि सगळ्या तारा बोटाएवढ्या एका सर्किटला जाऊन मिळणाऱ्या. सोल्डरिंगचा धूर जिन्यावरून खाली यायचा आणि माझ्या खोलीत टांगलेल्या रेशमी कापडांना राळेचा, धुरी दिल्यासारखा वास लागायचा. एका बाईने ब्लाउज नाकाला लावून विचारलं की तुमच्याकडे कोणी आजारी आहे का. स्पीकरवर इंजिन सुरू झालं की पत्रा थरथरायचा. पडद्याआड कपडे घालून बघणाऱ्या बायका दचकून बाहेर डोकवायच्या. मी सांगायचे, वर पिठाची चक्की बसवली आहे.

मी मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बाबांना छंद लागलाय, चांगलंच आहे ना, नाहीतर माणसं या वयात चिडचिडी होतात. मी म्हटलं, चिडचिडं कोण झालंय ते येऊन बघ. ती म्हणाली, आई, तूही एकदा बसून बघ ना.

मी बसले. एका रविवारी त्याचे कारखान्यातले दोन मित्र आले होते आणि मी चहा घेऊन वर गेले होते. मित्रांनीच आग्रह केला, वहिनी, बसा एकदा. जुन्या जीपची सीट त्याने फळीवर ठोकली होती, तिच्यावर बसले. पाइप हातात घेतला आणि ओढला. विमानाने नाक वर केलं, मग वाकडं झालं आणि हिरव्या रंगात जाऊन आपटलं. तो मित्रांकडे बघून हसला आणि म्हणाला, तिला कापड ओढायची सवय आहे. मित्रांपैकी एकाने विषय बदलायला म्हणून विचारलं, एवढं सामान आणलं कुठून. तो म्हणाला, "काही आणलं नाही. घरात पडलेलं भंगार वापरलं."

मी तिथेच उभी होते, रिकामे कप गोळा करत. त्याच्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर त्याला पायाचं काम काढायचं होतं. विमानाची शेपटी डावीकडे-उजवीकडे वळवायची ती पायाने, दोन पायांखाली दोन पायडलं असतात. एक दाबलं की दुसरं वर येतं. त्याने आधी लाकडाची बनवली, ती चिरली. मग पत्र्याची बनवली, ती वाकली आणि किरकिर वाजायला लागली. पायाला वजन जाणवलं पाहिजे, ओतीव लोखंडच पाहिजे, असं तो जेवताना स्वतःशीच बोलायचा. मी कान देणं बंद केलं होतं. तिथे माझं चुकलं असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही.

त्याच सुमारास मी माहेरी फैजपूरला जाऊन आले, भावाकडे जागरण होतं. परत आले आणि कामाला बसले. लग्नसराई सुरू झाली होती.

आता माझ्या मशीनबद्दल थोडं सांगते. मशीन जुनं आहे, पायाने चालवायचं. खाली लोखंडी स्टँड, मोठं चाक, आणि जाळीदार नक्षीचं रुंद ओतीव पायडल. दोन्ही पाय त्यावर ठेवून हलवायचे की पट्टा फिरतो आणि मशीन चालतं. पुढे मी त्याला मोटर बसवली. मोटरचं पायाने दाबायचं बटण मी त्या पायडलवरच ठेवते. पण लाइट गेली की मोटरचा पट्टा काढायचा, खिळ्याला अडकवलेला चामड्याचा पट्टा चढवायचा आणि पायाने चालवायचं. मे महिन्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल आणि कधी येईल, याचा नेम नसतो. कॉलनीत आणखी दोघी शिवतात. लग्नाच्या दिवसांत बायका माझ्याकडे यायच्या, कारण लाइट असो-नसो, माझा ब्लाउज वेळेवर मिळायचा.

त्या दिवशी मागच्या गल्लीतल्या मुलीचं लग्न होतं, संध्याकाळी गोरज मुहूर्तावर. तिचा लग्नात घालायचा ब्लाउज माझ्याकडे होता. बाह्या आणि अस्तर राहिलं होतं, तासाभराचं काम. नवरीची आई समोर स्टुलावर येऊन बसली होती. दुपारी लाइट गेली. मी तिला म्हटलं, काळजी करू नका. चामड्याचा पट्टा चढवला, दोन्ही पाय ठेवले आणि दाबले. काही हललं नाही. पुन्हा दाबले. मग वाकून बघितलं.

पायडल नव्हतं. त्याच्या जागी दोन विटांवर एक फळी ठेवलेली होती, वर माझं मोटरचं बटण. चाकाला जोडणारी लोखंडी काडी सुतळीने स्टँडला बांधून ठेवली होती, वाजू नये म्हणून. फैजपूरहून आल्यापासून कामाच्या वेळी लाइट गेली नव्हती, मी फळीवर पाय ठेवून शिवत होते आणि मला कळलं नव्हतं, इतकी ती बरोबर त्याच उंचीची होती.

नवरीच्या आईने विचारलं, काय झालं. मी सांगितलं, पायडल नाही. ती म्हणाली, नाही म्हणजे? मग मी तिला मशीनचं वरचं चाक हाताने फिरवायला लावलं आणि मी कापड सरकवत राहिले. ती अंगावर हळदीची साडी, हातात हिरवा चुडा अशी घामाघूम होऊन चाक फिरवत होती, मधेच वेगाने, मधेच थांबून. टाके लहानमोठे पडत होते. एक बाही खांद्यापाशी मुंढ्यात ओढली गेली. उसवून पुन्हा शिवायला वेळ नव्हता. तिला मांडवातून फोनवर फोन येत होते. शेवटी तिने ब्लाउज माझ्या हातातून घेतला, दातांनी दोरा तोडला आणि दारात वळून म्हणाली, "मशीन मोडलेलं होतं तर माझ्या पोरीचं काम घ्यायचं नव्हतं."

ती पुन्हा माझ्याकडे आली नाही. तिच्या जावा आल्या नाहीत, शेजारणी आल्या नाहीत. नवरीच्या फोटोत डाव्या खांद्यावर पदर पिनांनी ओढून घेतलेला आहे, हे मला दुसऱ्याच कोणी मुद्दाम दाखवलं.

ती गेल्यावर मी वर गेले. टेबलाखाली माझं पायडल होतं. ते त्याने मधोमध कापलं होतं, डावा अर्धा डाव्या पायाला, उजवा अर्धा उजव्या पायाला. खाली बिजागऱ्या, मागे स्प्रिंगा, वर काळा रंग. कापलेल्या कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या होत्या, पायाला लागू नये म्हणून. मी बोट फिरवून बघितलं. कुठेही खरखर नव्हती. मला हाताचं काम कळतं. त्या कापावर त्याने जीव ओतला होता, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

संध्याकाळी तो आला. मी पाणी दिलं नाही. दारातच विचारलं की मशीनचं पायडल कुठे आहे. तो बूट काढत म्हणाला, तुला मोटर आहे ना. मी सांगितलं की दुपारी लाइट नव्हती, आणि काय झालं तेही सांगितलं. म्हणाला, इन्व्हर्टर बसवू.

"मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

"नाही."

"मग?" तो म्हणाला आणि आत हात धुवायला गेला.

त्या एका शब्दावर मी आजपर्यंत अडकलेली आहे. रागाने म्हणाला असता तर मी रागाने उत्तर दिलं असतं. तो अगदी साधेपणाने म्हणाला, दुकानदार सुटे पैसे नाहीत म्हणतो तसा.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पाळीला गेला. मी ओटा आवरला आणि वर गेले. कापडाची कात्री घेतली नाही, ती कापडाशिवाय कशालाच लावत नाही. दोरे तोडायची छोटी कात्री घेतली. पॅनेल उलटं केलं आणि तारा कापायला लागले. ओरबाडल्या नाहीत. ब्लाउज उसवतो तसं एका कडेने सुरुवात केली, एकेक तार बोटावर घ्यायची आणि स्विचच्या अगदी मुळाशी कापायची, म्हणजे पुन्हा जोडायला टोक उरू नये. रंगीत नळ्या काढून वेगळ्या केल्या, म्हणजे कुठली तार कुठली ते कळू नये. योकच्या तारा कापल्या, थ्रॉटलच्या कापल्या, पायडलांच्याही कापल्या. खाली कचऱ्याची गाडी गाणं लावून आली आणि गेली. काम संपलं तेव्हा कात्रीचं पातं खराब झालं होतं. मी खाली आले, वरण टाकलं आणि मशीनवर बसले. वाईट वाटलं का, असं मला मुलीने नंतर विचारलं. नाही वाटलं. अजूनही वाटत नाही.

तो आल्यावर चहा न घेता वर गेला. मी खालून ऐकत होते. सीट करकरली, मग पॅनेल उलटं केल्याचा आवाज आला. खाली आला तेव्हा मुठीत तारांचे तुकडे होते. ते त्याने माझ्यासमोर, शिवायला घेतलेल्या कापडावर ठेवले आणि बाहेर निघून गेला.

त्याने आवाज चढवला नाही. त्याने त्याच्या पद्धतीने केलं. दुसऱ्या दिवशी मी बटण दाबलं तर पुढच्या खोलीत लाइट नव्हती, बाकी सगळ्या घरात होती. विचारलं तर म्हणाला, त्या खोलीचं वायरिंग जुनं झालंय, धोका आहे, मी बंद केलंय. दुरुस्त कधी करणार, तर सवड मिळाली की. तो हे बोलत होता आणि माझ्याकडे बघतही होता. पायडल कापलेलं आणि लाइट काढलेली, अशा मशीनसमोर मी बसले होते. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याला माझ्याविषयी इतका विचार करताना मी पहिल्यांदा बघितलं.

मी शेजारच्या बाईकडून वायर ओढून घेतली. तिने आनंदाने दिली, कारण त्यासोबत तिला आमच्या घरातलं सगळं कळणार होतं. आणि मी बाजारातून इलेक्ट्रिशियन बोलावला, मुद्दाम रविवारी, तो घरात असताना. इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला, सोडवलेली तार जोडून लाइट चालू केली आणि म्हणाला, वायरिंग तर उत्तम आहे, केलं कोणी? मी म्हटलं, ते बसलेत ना, त्यांनी. तो पेपर वाचत बसला होता. त्याने पान उलटलं.

मशीनचंही केलं. जुन्या मशीनवाल्याकडे गेले, तर त्याच्याकडे तसली पायडलं गंजलेली, ढिगाने पडलेली होती. त्याने त्यातलं एक त्याच दिवशी येऊन बसवून दिलं. ते दुकान नवऱ्याच्या कारखान्याच्या रस्त्यावर आहे. रोज दोनदा तो त्याच्यासमोरून जातो. त्याला लोखंड हवं होतं तर तिथे मिळालं असतं. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही बघितलंच नाही, घरात हाताला लागलं तेच उचललं. एव्हाना तो माझ्या हातचं जेवेनासा झाला होता. कारखान्याच्या कँटीनमधून जेवून यायचा आणि घरी फक्त पाणी प्यायचा, तेही स्वतः भरून.

मग धुळ्याहून माझी नणंद आली. नवऱ्याहून मोठी, त्याला तिनेच सांभाळलं. तिला बातमी कोणी दिली, ते मी विचारलं नाही. एसटीतून उतरून रिक्षाने सरळ घरी आली, पिशवी ठेवली आणि भावाला घेऊन वर गेली. खाली आल्यावर माझ्यासमोर बसली. आधी तिने मला सगळ्या बायका सांगतात तेच सांगितलं. दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, पगार घरात देतो, एका खोलीत गुपचूप बसतो, त्याने तुझं काय बिघडतं. लग्न झाल्यापासून हे प्रमाणपत्र मला दाखवलं जातं. मी ब्लाउजला हुक लावत होते, हात थांबवला नाही. तेव्हा तिचा आवाज बदलला आणि ती अहिराणीवर आली.

"भाऊनी बठ्ठी मेहनत कापी टाकी तू. तुले काय भेटनं?"

"आक्का, माझं पायडल कापून त्यांना काय भेटलं, ते आधी त्यांना विचारा."

"लोखंड होतं ते."

"आणि त्या तारा होत्या," मी म्हटलं.

मला वाटतं, तिला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच ती जास्त चिडली. ती उठली आणि जिन्यापाशी जाऊन भावाला हाक मारली. "आते हाई बठ्ठं मी मन्हा घर लई जास," ती म्हणाली. म्हणजे हे सगळं आता ती आपल्या घरी नेणार होती. तिच्या धुळ्याच्या घराला रस्त्याकडे एक गाळा होता, भाडेकरू गेल्यापासून बंद. मला कोणी काही विचारलं नाही. मला हवं होतं तेच होत होतं, तरी मला कोणी विचारलं नाही.

पुढच्या सुट्टीला छोटा टेम्पो आला. योक, पॅनेल, जीपची सीट, पडदा, सगळं जुन्या चादरींत गुंडाळून खाली आलं. कॉलनीतले लोक गेटपाशी उभे राहून बघत होते. माझं काही भांडण झालं असेल आणि मी माहेरी चालले असेन, असं काहींना वाटलं, आणि मी दारात उभी दिसल्यावर त्यांची थोडी निराशा झाली. पायडलांची फळी आली तेव्हा मी पुढे झाले आणि म्हटलं, हे इथेच राहील. तो म्हणाला, तुला याचा काय उपयोग. मी म्हटलं, काही नाही. नणंदेने कपाळाला हात लावला. त्याने पाना काढला, पायरीवर बसून दोन्ही अर्धे सोडवले आणि माझ्या पायांशी ठेवले. टेम्पो गेल्यावर मी ते भंगारवाल्याला देऊन टाकले. त्याने वजनकाटा काढला, मी त्याला तसेच घेऊन जायला सांगितलं.

पत्र्याची खोली रिकामी झाली. मी क्लासची पाटी लावली. मुली येतात, जातात. उन्हाळ्यात पत्रा तापतो म्हणून फार टिकत नाहीत.

तो सोमवार ते शुक्रवार इथे असतो, शनिवारी कारखान्यातून परस्पर धुळ्याला जातो. आता माझ्या हातचं जेवतो. मीठ कमी असलं तर उठून स्वतः घेतो. आम्ही बोलतो ते गॅस, नळ, मुलीचा फोन एवढ्यापुरतं. कॉलनीतल्या बायकांना वाटतं, मिटलं.

हिवाळ्यात नणंदेच्या नातवाचं जावळ होतं, म्हणून मी धुळ्याला गेले. जाणं भागच होतं. गाळ्याचं शटर अर्धं उघडं होतं आणि आत गर्दी होती. मी बाहेरूनच बघितलं. त्याने सगळं नव्याने बांधलं होतं. पॅनेल आधीच्यापेक्षा मोठं, तारा आता पत्र्याच्या पेटीत बंद, पेटीला कुलूप. पायडलं सागवानाची होती, जाड, वर रबर ठोकलेलं. गल्लीतली माणसं आळीपाळीने सीटवर बसत होती आणि तो मागे उभा राहून समजावत होता, हळू ओढा, घाई करू नका, नाक वर आलं की थोडं सोडा, पुन्हा प्रयत्न करा. एका म्हाताऱ्याचं विमान आपटलं, तर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला की पहिल्यांदा सगळ्यांचं आपटतं. इतका मऊ आवाज त्याच्याकडे आहे, हे मला माहीत नव्हतं. त्याने मान वर केली आणि शटरखालून मी दिसले. त्याने मला आत बोलावलं नाही, आणि मीही गेले नाही. शटरजवळ उभ्या असलेल्या एकाने विचारलं, पाव्हण्या का तुम्ही? मी हो म्हटलं.

जेवणं झाल्यावर नणंदेने माझी ओटी भरली आणि लगेच भांडी आवरायला वळली. दुसऱ्या दिवशी त्याची पाळी होती, म्हणून तोही त्याच दुपारी निघाला. आम्ही एकाच रिक्षात बसून स्टँडवर आलो, कारण दोन रिक्षा केल्या असत्या तर नणंदेच्या व्याह्यांनी बघितलं असतं. जळगावच्या गाडीत गर्दी होती. मला खिडकीजवळ जागा मिळाली, शेजारची जागा रिकामी होती. तो तिथे बसला नाही, पुढच्या बाकावर दोन माणसांच्या मधे जाऊन बसला. गाडी पारोळ्याच्या रस्त्याला लागली आणि कंडक्टर आला. त्याने आम्हाला एकत्र चढताना बघितलं असावं. त्याने तिकिटाचं मशीन हातात धरून माझ्या नवऱ्याला विचारलं, जळगाव ना, एक फुल एक हाफ? बायकांना एसटीत अर्धं तिकीट असतं, जोडपं दिसलं की कंडक्टर असंच विचारतात.

तो म्हणाला, "एक फुल."

कंडक्टरने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी पर्स आधीच उघडली होती.